एल्वीराच्या रानातली वाट

आल्मा लोकेशन, मिशिगन
५ नोव्हेंबर

प्रिय एल्वीरा,

तुला आणि आमच्या ईनेसला आम्हा दोघांचे अनेक आशीर्वाद. तुम्ही मायलेकी सुखरूप असाल, तुझ्या आईचा गुडघा आता बरा असेल, अशी आशा करते. इकडे आम्ही ठीक. म्हणजे वयाच्या मानाने ठीक. पहिला बर्फ आला, वितळला, आणि आता जो पडतोय तो काही एप्रिलपर्यंत हलायचा नाही. तिकडे सॅन अँटोनियोत अजून पंखे चालू असतील. सुखी आहात बाई.

ईनेसचं चित्र मिळालं. पोरीने निवडुंगाला मफलर घातलाय! फ्रीजवर लावलंय ते. मी पोट धरून हसले, पण तिचा आजोबा, आमचा वेक्को, मात्र त्या चित्रासमोर दूध हातात घेऊन कितीतरी वेळ उभा होता. तिला सांग, मुम्मू आजी म्हणते की आता निवडुंगाला टोपीपण घाल, कान गारठतात.

तुझ्या घराचं, पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या खोल्यांसकट, सगळं नीट आहे. नळांतलं पाणी काढून टाकलंय, हीटर अगदी मंद ठेवलाय. पोटमाळ्यावर एक उंदीर होता, तो आता नाही. सौनाच्या धुराड्यावर मी डबा उपडा घातलाय, म्हणजे पक्षी आत घुसणार नाहीत.

परवा ते शिकागोचं जोडपं घर बघायला आलं. एजंटाला चावी द्यायची तेवढी होती, पण मी काय गप्प बसणार? गेलेच सोबत. बाई सारखी म्हणत होती, खाणीच्या कप्तानाचं घर म्हणजे केवढा इतिहास. कप्तान याच पलंगावर झोपायचा का, असंही तिने विचारलं. तो पलंग आमच्या डॅरिलने ग्रीन बेहून गाडीच्या टपावर बांधून आणला होता आणि वाटेत गादी उडाली होती, ते तुला आठवत असेलच. मी म्हटलं, हो, इथेच झोपायचा आणि घोरायचा फार. एजंटाने माझ्याकडे असं काही बघितलं की पुढे मी तोंड उघडलं नाही. घर त्यांना आवडलंय. नवरा तेवढा मागच्या खिडकीशी उभा राहून विचारत होता, बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाइलची वाट इथूनच जाते ना. एजंट म्हणाला, जवळून जाते. जवळून म्हणजे आता टेकडीच्या पलीकडून, पण ते त्याचं तो निस्तरेल.

बाकी गावात नेहमीचंच. खाणीतल्या सहली गेल्या महिन्यात बंद झाल्या, मग सगळी हेल्मेटं धुवायचं काम माझ्या गळ्यात. माझा बाप आयुष्यभर त्या भोकातून वर यायची घाई करायचा, आणि आता लोक तिकीट काढून खाली जातात आणि गार वाटतं म्हणून खूश होतात. पानं रंगली तेव्हा फोटोवाले आले, त्याआधी सायकलवाले, आता स्नोमोबाइलवाल्यांचे फोन सुरू झालेत. बर्फ किती आहे, बर्फ किती आहे. ज्या बर्फाला आमच्या दोन पिढ्यांनी शिव्या घातल्या त्याची आता लोक तब्येत विचारतात. चर्चमध्ये शनिवारी पेस्ट्या केल्या, त्या मोठ्या करंज्यांतला बटाटा जरा कच्चाच राहिला, तरी संपल्या.

वेक्को बरा आहे. वाटेवरचा बर्फ दाबायचं मशीन मात्र आता हौटालांचा थोरला चालवतो. वेक्को पाठ दुखते म्हणतो. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. तर म्हणे, तेवढी नाही दुखत. जाऊ दे.

एक गोष्ट लिहू की नको करत कॉफी गार झाली, तर लिहितेच. तू गेलीस तेव्हा आपलं धड बोलणं झालं नाही. तुला वाटत असेल, तुझ्या रानातून वाट न्यायला तू नाही म्हणालीस म्हणून आम्ही रुसलो. देवाशपथ तसं नाही. जिथे आपला डॅरिल गेला तिथून दिवसभर मशीनं धडधडत जाणार, अनोळखी माणसं तुला हात हलवून दाखवणार, आणि ते तू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत बसायचं? मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं. म्हणून तर स्नोमोबाइल क्लबच्या माणसांनी हूं की चूं न करता ओढ्यावरचा पूल काढला आणि हौटालांच्या शेतावरून, जुन्या रेल्वेच्या भरावावरून वाट फिरवली. लांब पडते, वारा झोडपतो, पण कोणी कुरकुर केली नाही. तुझं मन राखायचं होतं. एवढंच तुला कळावं, म्हणून लिहिलं.

घराची काळजी करू नकोस. विकलं जाईपर्यंत मी आहे.

तुझी,
सिल्वी

*

आल्मा लोकेशन
२७ नोव्हेंबर

प्रिय एल्वीरा,

आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी आलं. मी ते पोस्टातच उभ्याने वाचलं, मग गाडीत बसून वाचलं, मग घरी येऊन टेबलावर पसरून वाचलं. “सिल्वी, मी कधी नाही म्हणाले? मला कोणी काही विचारलंच नाही.” हे वाक्य तर मला आता पाठ झालंय.

आधी वाटलं, ही आता हात झटकतेय. मग वाटलं, हिला खरंच माहीत नसेल का? दहा वर्षं इथे राहिलीस, इथल्या थंडीला शिव्या घालायला शिकलीस, सौनाच्या वाफेत माझ्यापेक्षा जास्त वेळ बसतेस, आणि हे तुला कोणी सांगितलं नाही? आणि मग लक्षात आलं की कोण सांगणार? ते घर, ते रान तुमच्या दोघांचं झालं तेव्हापासून वाटेचं सगळं डॅरिलच बघायचा. बाप मुलाच्या घरी परवानगी मागायला कशाला जाईल? तुझ्याकडे पाहुणा होऊन यायची वेळ वेक्कोवर डॅरिल गेल्यावर पहिल्यांदा आली.

तर आता मी सांगते, आणि हसू नकोस. ही आख्खी वाट लोकांच्या खाजगी जमिनींतून जाते, हे तुला माहीत आहे. त्याचा कागद कुठेच नाही. दर ऑक्टोबरात मी निसू भाजते, तोच वेलदोड्याचा वेणीसारखा पाव, आणि वेक्को एकेक पाव काखेत मारून एकेका जमीनवाल्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतो. वाटेचं नाव कोणी काढत नाही. हरणांवर बोलायचं, छपरावर बोलायचं, कुणाचं कंबरेचं हाड बदललं त्यावर बोलायचं. कॉफीचा पहिला कप पाहुण्याचा असतो, तो विम्याच्या एजंटालासुद्धा मिळतो. मग घरच्या माणसाने आपण होऊन उठून दुसरा कप ओतला की झाला होकार. नाही ओतला तर टोपी घालायची, आभार मानायचे आणि दुसरीकडून वाट शोधायची. का नाही, हे विचारायचं नाही. एका वर्षी म्हाताऱ्या लिंडग्रेनकडची कॉफीच संपली होती. वेक्को गाडीपाशी पोचला तर हा नुसत्या मोज्यांवर रस्त्यात धावत आला, थांब रे बाबा, नवीन टाकलीय म्हणून.

तुझ्याकडून परत आला त्या दिवशी वेक्को अंगणात गाडीतच बसून राहिला होता. मी दार उघडून विचारलं, तर एवढंच म्हणाला, “एकच कप.” मी पुढे काही विचारलं नाही. काय विचारायचं त्यात, मला वाटलं, सगळं समजलंच.

आणि आता तू लिहितेस की डॅरिलने तुला सांगून ठेवलं होतं, बाबांचं ब्लडप्रेशर वाढलंय, डॉक्टरने दिवसाला एकच कप सांगितलाय, कितीही मागितला तरी देऊ नकोस. म्हणून तू त्यांना मोह नको म्हणून केटली उचलून ओट्याच्या पार टोकाला नेऊन ठेवलीस. अगं माझ्या बाई! तो हुकूम डॉक्टरचा नव्हताच, माझा होता. डॉक्टर म्हणाला, जरा कमी करा. एक कप हे मी ठरवलं आणि डॅरिलच्या कानावर घातलं, कारण आमचा हा घरी एक पिऊन वर गावभर पीत हिंडायचा. हे वाचून मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले आणि हसत सुटले. मग कधी रडायला लागले ते कळलंच नाही. एका कपापायी तुझ्या दारातली वाट गेली, खोल्या रिकाम्या पडल्या, आणि तू पोरीला घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलीस.

पण तूही काही कमी नाहीस हं. माणसं येऊन ओढ्यावरचा पूल उचकटताहेत, हे तू खिडकीतून बघितलंस. बाहेर येऊन एकदा ओरडायचंस ना, अरे मेल्यांनो, काय चाललंय माझ्या रानात म्हणून. तू लिहितेस, तुला वाटलं डॅरिल होता तोवर तू आमची होतीस, आता परक्या बाईच्या दारातून कशाला जायचं असं आम्ही ठरवलं असेल. हे तू वर्षभर मनात ठेवलंस? अख्खा हिवाळा, उन्हाळा, गिऱ्हाइकं फोन करून विचारताहेत की दारातून स्की घालून निघता येतं का, तू नाही सांगतेयस, आणि आमच्याबद्दल हे मनात? तुझा राग आला मला. नंतर माझाच आला. आम्ही लोक गप्प बसण्यात फार हुशार, आणि तुला वाटायचं की आम्हाला सगळं न बोलता कळतं. काही कळत नाही बघ आम्हाला.

तुझ्या पत्रातलं एक मात्र माझ्या घशात अडकलंय. तू लिहितेस की वेक्को आला तेव्हा डॅरिलला जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि तुला वाटलं की तो त्यासाठीच आलाय. तू समोर बसून राहिलीस, की आता हा त्याचं नाव काढेल, मग मी बोलेन. आणि तो दारापाशी उभ्यानेच कॉफी पिऊन, निसू कागदातून न सोडता टेबलावर ठेवून निघून गेला. उभ्याने? माझा नवरा? चाळीस वर्षं जो माणूस लोकांच्या खुर्च्या उबवत आलाय, लिंडग्रेनकडे तर जेवायची वेळ होईपर्यंत उठायचा नाही, तो उभ्याने?

तो शिकारीच्या झोपडीवरून परत आला तसं मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. अंगातलं नारिंगी जाकीटसुद्धा काढू दिलं नाही. त्याने सगळं ऐकलं. मग बाहेर जाऊन लाकडं फोडायला लागला. लाकडं सगळी फोडलेलीच होती, तीच परत बारीक केली. आता आमच्याकडे काड्यांचा डोंगर झालाय.

शिकागोच्या लोकांना घर द्यायच्या कागदांवर सही जानेवारीच्या शेवटी आहे, असं तू लिहिलंयस, आणि आता काही बदलायचं नाही असंही. बरं. तुझं घर, तुझं आयुष्य. मी आग्रह करणार नाही. ईनेसला शाळा आवडली हे वाचून बरं वाटलं. खरंच वाटलं.

तुझी,
सिल्वी

*

आल्मा लोकेशन
१९ जानेवारी

प्रिय एल्वीरा,

नव्या वर्षाचे आशीर्वाद, उशिराच पोचताहेत. नाताळचं कार्ड मिळालं. ईनेसचा पुढचा दात पडला, हे फोटोत बघून कळलं. या वर्षी नाताळला मक्याच्या पानात उकडलेले तुझे तमाले नव्हते, तर जेवण जेवल्यासारखं वाटलं नाही. पहिल्या वर्षी तू वाढलेस आणि वेक्कोने ते वरच्या पानासकट खाल्ले, आठवतं? तू धावत येऊन सांगेपर्यंत दोन संपवले होते. मी विचारलं, अरे, चावलं जात नव्हतं तर बोलायचंस ना. म्हणाला, नवी सून आहे, तिला वाईट वाटलं असतं. असला हा माणूस. हे मी का लिहितेय ते पुढे कळेल.

बर्फ भरपूर झालाय. पोस्टाची पेटी मी आता फावड्याने शोधते. गावात पाय ठेवायला जागा नाही, बिअरच्या दुकानापुढे स्नोमोबाइलची रांग, पेट्रोल पंपावर भांडणं. नव्या वाटेवर रेल्वेच्या भरावाला वाऱ्याने बर्फ टिकत नाही, खालची खडी वर येते, मशीनचे पट्टे झिजतात. हौटालांचा थोरला वैतागलाय. परवा क्लबात म्हणालाच, जुनी वाट काय सुंदर होती. सगळ्यांनी वेक्कोकडे बघितलं, आणि तो आपल्या बुटांकडे बघत बसला.

मी तुला आग्रह करणार नाही असं लिहिलं होतं. तसं मी वागत होते. घरी मात्र मी याच्या मागे लागले होते की तिच्या घरी तू उभ्याने का प्यायलास ते सांग. तुझं पत्र आल्यापासून रोज विचारत होते, कधी जेवताना, कधी बर्फ ढकलताना.

शेवटी गेल्या शनिवारी दुपारी सौनात बोलला. मी वरच्या फळीवर, हा खाली, पाठ माझ्याकडे. दगडांवर पाणी ओतलं आणि वाफेतच म्हणाला, “तिने नाही म्हटलं नव्हतं.”

मी म्हटलं, ते आता सगळ्यांना कळलंय, कॉफीची भानगड होती.

“कॉफीची नाही. तिने केटली उचलली आणि मी टोपी घातली. थांबलो असतो तर ती काहीतरी बोलली असती. तिच्या तोंडावर दिसत होतं. मी थांबलोच नाही.”

मग दगडांवर आणखी पाणी ओतून म्हणाला, “मला तिच्याकडून नाहीच हवं होतं, सिल्वी. मशीन घेऊन त्या ओढ्यापाशी जायचं मला होणार नव्हतं. तिच्या नावावर ते खपवलं मी.”

एल्वीरा, मी तुला खरं सांगते, मला इतका संताप आला की मी अख्खी बादली दगडांवर उपडी केली आणि त्या वाफेने आम्हा दोघांनाही बाहेर पळावं लागलं. बाहेरच्या बाकावर टॉवेल गुंडाळून बसलो, अंगातून वाफा निघताहेत, आणि मी याला बोलतेय. म्हटलं, सगळ्या गावाने त्या पोरीचं दुःख म्हणून वाट उचलून दुसरीकडे नेली आणि ते दुःख तुझं होतं? तिला एकटं पाडलंस? नातीला पाडलंस? तो म्हणाला, “डॅरिलला मीच पाठवलं होतं तिथे. पाऊस यायच्या आत ते झाड काढून टाक म्हटलं.” झाड दुसऱ्या झाडात अडकलेलं आहे, कापताच अंगावर येईल, हे त्याला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. पण हे तो दोन वर्षं पोटात ठेवून होता, आणि मी त्याच्या शेजारी झोपत होते. त्याने डॅरिलचं नाव घेतलं ते अंत्यविधीनंतर पहिल्यांदा. मग आम्ही दोघं रडलो. शेजाऱ्यांनी बघितलं असेल तर बघोत.

हे सगळं तुला कळवू का, असं मी त्याला विचारलं. तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. तेव्हा मी म्हटलं, आता हे असलं चालायचं नाही. मला शब्द पाहिजे. मग म्हणाला, कळव.

बुधवारी मी लांब दांड्याचं फावडं घेऊन तुझ्या छपरावरचा बर्फ उतरवायला गेले. घाबरू नकोस, शिडीवर चढले नाही, खालूनच ओढला. अर्धं छप्पर झालं असेल, तर मागच्या झाडांतून कोणीतरी येताना दिसलं. वेक्को. जुन्या लाकडी स्की घालून, एकटा, ओढ्याकडून. घरी मला सांगून गेला होता की दुकानात जातो. भुवयांवर बर्फ, चेहरा असा की मी फावडं खाली टाकलं. तुझ्या मागच्या पायऱ्यांवर येऊन बसला. मी शेजारी बसले.

म्हणाला, ते बर्चचं झाड अजून तिथेच पडलंय. कोणी हलवलं नाही. त्याच्यावर एवढा बर्फ आहे, आणि बाजूने कोल्ह्याची पावलं गेलीत. ओढा खालून वाहतोय, कान लावला की ऐकू येतो. मला वाटलं होतं तिथे गेलो तर मी मरेन, म्हणाला. नाही मेलो. फार शांत आहे तिथे, डॅरिलला ती जागा का आवडायची ते कळलं.

बर्फ वितळला की ते झाड तो स्वतः कापणार आहे. पुलाची लाकडं हौटालांच्या कोठारामागे झाकून ठेवलीत, सडलेली नाहीत, मी बघून आले. उन्हाळ्याच्या सायकलींपर्यंत पूल परत बसेल आणि पुढच्या हिवाळ्यात मशीन तो स्वतः नेईल. पाठ त्याची कधी दुखतच नव्हती, हे आता तुला सांगायला नको. पण हे सगळं तू हो म्हणालीस तर. ते रान तुझं आहे. सही होईपर्यंत तुझंच आहे, आणि विचारायचं तर तुलाच विचारायचं.

मी म्हटलं, मग उचल फोन. तर म्हणे, फोनवर तिचा चेहरा दिसत नाही. मी म्हटलं, पत्रातही दिसत नाही. म्हणे, पत्रात तिलाही माझा दिसणार नाही, ते बरं आहे.

म्हणून आता तो माझ्या खुर्चीमागे उभा आहे. बस म्हटलं तरी बसत नाही. “लिही,” म्हणाला. मी म्हटलं, बोल. मग इतका वेळ गेला की मी मध्ये उठून पाव भट्टीतून काढून आले. तो बोलला ते असंच्या असं लिहिते, एक शब्द इकडचा तिकडे करत नाही.

“एल्वीरा, मी वेक्को. डॅरिलचा बाप. त्या ऑक्टोबरात मी विचारायला आलो आणि न विचारता गेलो. आता विचारतो. तुझ्या रानातून वाट जाऊ देशील का? आणि तू आणि पोरगी परत याल का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणालीस तरी चालेल. दोन्हींना नाही म्हणालीस तर तेही मला सांग, मी ऐकेन. या वेळी मी थांबतो.”

लग्नाच्या दिवशीसुद्धा हा माणूस एवढं बोलला नव्हता.

आता माझं. आग्रह करणार नाही म्हटलं होतं, तो शब्द मी मोडते. मला तुम्ही दोघी इथे हव्या आहात. वाट असो नसो, गिऱ्हाइकं येवोत न येवोत. डॅरिलची बायको म्हणून नव्हे. मला तुझ्याशी भांडायची सवय झालीय आणि इथे दुसरं कोणी माझ्याशी धड भांडत नाही. ईनेसला मी रोज हाक मारते आणि मग आठवतं. तुला तिकडे सुख असेल तर शिकागोवाल्यांना घर दे, चावी मी माझ्या हाताने देईन, आणि त्या बाईला पलंगाचं खरं काय ते सांगूनही टाकीन. पण सही करायच्या आधी आम्हाला हो किंवा नाही, जे काय असेल ते, शब्दांत कळव. गप्प राहू नकोस. गप्प राहणं आम्हाला नीट वाचता येत नाही.

पत्र त्याने वाचून बघितलं. एकही शब्द खोडला नाही. पेन मागून घेतलं आणि खाली आपण होऊन सही केलीय.

तुझेच,
सिल्वी
वेक्को